जंगलातले उंदीर कधी वाढतात, कधी घटतात? नागपूर परिसरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा, नवेगाव-नागझिरा. नागपूरहून सकाळी निघालं तर यातल्या कुठल्याही जंगलाच्या फाटकाशी दुपारच्या आत पोचता येतं, आणि तिथं जाणारा जवळपास प्रत्येक जण वाघाची चौकशी करतो. उंदरांची चौकशी करतात ती जंगलाला लागून वावर असलेली माणसं. त्यांचे प्रश्न आणि प्राणिशास्त्र शिकणाऱ्या मुलांचे प्रश्न इथं एकत्र घेतले आहेत. उत्तरं वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येईल: यंदा दिसणाऱ्या उंदरांचं कारण बहुतेक वेळा मागच्या हंगामात सापडतं.

जंगलातले उंदीर म्हणजे आपल्या घरातलेच का?

थोडे तेच, बरेचसे वेगळे. काळा उंदीर घराच्या आढ्यावर राहतो तसा जंगलात झाडांवरही राहतो. हरण उंदीर मोकळ्या माळावर बिळं करतो. मोठे डोळे आणि टोकाला केसांचा झुपका असलेली लांब शेपटी ही त्याची ओळख. मऊ केसांचा शेतउंदीर उन्हाळ्यात काळ्या मातीच्या भेगांमध्ये आसरा घेतो. खडकाळ जागी राहणारे काटेरी केसांचे छोटे उंदीर बिळाच्या तोंडाशी बारीक खडे रचून ठेवतात. पांढऱ्या शेपटीचा रानउंदीर झाडांच्या ढोलीत आणि खडकांच्या फटीत राहतो. धानाच्या धुऱ्यात पोखरण करणारी घूस वेगळीच. खारी, उडत्या खारी आणि साळिंदर हेही कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या कुळातलेच. चिचुंद्री मात्र उंदीर नाही. ती मुख्यतः किडे खाते.

प्रत्येकाचं खाणं वेगळं, जागा वेगळी. म्हणून कुणी ‘उंदीर लई वाढले’ म्हटलं की पहिला प्रश्न ‘कोणते?’ असाच असावा. माळावरचे वाढलेले असताना जंगलातले घटलेले असू शकतात.

संख्या खरंच एवढी वरखाली होते का, की आपल्यालाच तसं वाटतं?

खरंच होते. उंदराची मादी साधारण तीन आठवडे गाभण असते, एका वेतात पाच-सहा किंवा जास्त पिल्लं होतात आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः वितात. समजा, एका पट्ट्यात १० उंदीर आहेत आणि संख्या दर महिन्याला दुप्पट होते. सहा महिन्यांनी ते ६४० झालेले असतील. अशी वाढ फार काळ टिकत नाही, कारण रानातले बहुतेक उंदीर वर्षभरही जगत नाहीत. पण दोन-तीन महिने जरी अन्न भरपूर आणि मरण कमी असं जुळून आलं, तरी डोळ्यांत भरेल इतका फरक पडतो.

उलटही तसंच घडतं. जन्म थांबले आणि मरण चालूच राहिलं, तर चार महिन्यांत रान मोकळं दिसायला लागतं. लोक विचारतात, ‘एवढे उंदीर गेले कुठं?’ बहुतेक कुठंच गेलेले नसतात. जुने मेले आणि नवे जन्मले नाहीत, इतकंच.

मग मुख्य कारण कोणतं?

एकच निवडायला सांगितलं तर मी अन्न निवडीन. पण अन्न किती मिळणार हे पाऊस ठरवतो, आणि वाढलेली संख्या कुठपर्यंत टिकणार हे शिकारी, रोग आणि आसऱ्याच्या जागा ठरवतात. म्हणजे वाढीला कारण बहुतेक वेळा खालून येतं, गवताच्या आणि झाडांच्या बियांमधून. घसरणीला कारणं अनेक असतात आणि ती एकाच वेळी काम करतात.

यातला सगळ्यात कमी लक्षात घेतला जाणारा भाग म्हणजे मधला वेळ. बी पडतं, उंदीर ते खातात, वितात, पिल्लं मोठी होतात, तीही वितात. मग कुठं आपल्याला ‘वाढ’ दिसते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात मिलब्रुकजवळच्या ओकच्या जंगलात हे वर्षानुवर्षं तपासलं गेलं आहे. ज्या शरद ऋतूत ओकची फळं ढिगानं पडतात, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तिथं पांढऱ्या पायांचे उंदीर वाढतात, आणि त्यानंतरच्या वर्षी त्यांच्या अंगावर वाढलेल्या गोचिडांमुळे माणसांना लाइम रोगाचा धोका वाढतो. फळ एका वर्षी, उंदीर दुसऱ्या, आजार तिसऱ्या. या साखळीतलं फक्त शेवटचं वर्ष पाहणाऱ्याला ओकच्या झाडाचा संशयही येणार नाही.

आपल्याकडे ओक नाही. पण मोह, चारोळी, बेहडा, बोर, तेंदू आणि बांबू आहे, शिवाय पावसाळ्यानंतर पिकणारं हजार जातींचं गवत आहे. एखाद्या वर्षी मोह भरभरून येतो आणि दुसऱ्या वर्षी टोपलंही भरत नाही, हे मोहफुलं वेचणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. अशी चांगली-वाईट वर्षं रानातल्या बाकीच्या झाडांनाही असतात, आणि उंदरांचा हिशेब त्यांच्याशी बांधलेला असतो.

आमच्या भागात वर्षभराचं चक्र कसं असतं?

विदर्भातल्या कोरड्या पानझडी जंगलात साधारण असं चालतं. मृगाच्या पहिल्या जोरदार पावसात सखल भागातली बिळं भरतात. पिल्लं बुडतात, मोठे उंदीर धुऱ्यावर, उंचवट्यावर, झाडांच्या मुळाशी सरकतात. त्या दिवसांत ते एकदम नजरेला पडतात आणि लोकांना ते वाढल्यासारखे वाटतात, पण खरं तर ते फक्त उघड्यावर आलेले असतात.

श्रावण-भाद्रपदात गवत वर येतं, किडे वाढतात, आणि गवताचं बी धरायला लागलं की विण्याचा हंगाम जोर धरतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास पिल्लांच्या पिल्लांची भर पडलेली असते, आणि नेमकं तेव्हाच वावरात धान, सोयाबीन आणि तूर असते. थंडीच्या सुरुवातीला संख्या सहसा सगळ्यात जास्त असते. माघ-फाल्गुनात पानगळ होते, आसरा उघडा पडतो, बी संपत जातं, विणं मंदावतं. चैत्र-वैशाखात, आणि विशेषतः नवतप्याच्या दिवसांत, पाणी, सावली आणि खाणं या तिन्हींची टंचाई असते. जे उरतात ते नाल्याच्या काठी, बांबूच्या बेटांत, मातीच्या खोल भेगांत आणि गावाच्या कडेला. पुढच्या वर्षीची सगळी वाढ याच थोड्या उरलेल्यांमधून होते. म्हणून उन्हाळ्यात किती उंदीर तगले, हा आकडा मला दिवाळीच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

यात पावसाच्या एकूण मिलिमीटरपेक्षा तो कसा पडला याला जास्त वजन आहे. महिनाभराचा खंड पडून गवताचं बी धरलंच नाही, तर एकूण पाऊस सरासरीइतका भरूनही उंदरांचं वर्ष वाईट जाऊ शकतं. अवकाळी पावसानं मार्चमध्ये हिरवं पुन्हा फुटलं, तर विण्याचा हंगाम लांबतो. टांझानियात मक्याच्या पट्ट्यात पावसाचं वाटप पाहून उंदरांच्या उद्रेकाचा अंदाज आधी बांधता येतो, हे संशोधकांनी दाखवलेलं आहे. आपल्या हवामानालाही त्याच प्रकारचा विचार लागू पडतो.

बांबू फुलला की उंदीर वाढतात आणि दुष्काळ पडतो, हे खरं का?

मिझोराममध्ये हे खरं ठरलं आहे. तिथला मौतक बांबू सुमारे ४८ वर्षांनी एकाच वेळी प्रचंड भागात फुलतो, मोठी मांसल फळं जमिनीवर पसरतात, उंदीर वाढतात, आणि फळं संपली की तो सगळा ताफा धानाच्या शेतांवर येतो. १९५९ च्या फुलोऱ्यानंतर तिथं भीषण अन्नटंचाई झाली. त्या वेळी मदतीसाठी उभ्या राहिलेल्या संघटनेतूनच पुढे मिझो नॅशनल फ्रंट निघाली आणि तिच्या मागोमाग दोन दशकांचा सशस्त्र संघर्ष. पुढचा फुलोरा २००७ च्या सुमारास आला. तेव्हा उंदराच्या शेपटीमागे पैसे देण्याची योजनाही तिथं राबवली गेली.

‘बांबूचं बी खाऊन उंदरांना जास्त पिल्लं होतात, त्या बियात तसं औषध असतं’ ही समजूत सगळीकडे ऐकू येते. तिला आधार मिळालेला नाही. पोटभर खाणं सलग काही महिने मिळालं, एवढंच कारण पुरेसं आहे.

आता आपला बांबू. गडचिरोली-चंद्रपूरपासून पेंचपर्यंत जो भरीव बांबू आहे, त्याची जात वेगळी. त्याचं बी गव्हा-तांदळाच्या दाण्यासारखं बारीक असतं आणि माणसंही ते गोळा करून खातात. त्याच्या सामूहिक फुलोऱ्याचा काळ जागेनुसार बराच बदलतो. तो वीस-पंचवीस वर्षांपासून साठ-पासष्ट वर्षांपर्यंत सांगितला जातो. शिवाय अधूनमधून एखाददुसरं बेट सुटं फुलतं. एक बेट फुललं म्हणून घाबरायचं कारण नाही. पण डोंगरच्या डोंगर एकदम फुलला, तर पुढच्या वर्षीच्या धानाची काळजी त्याच वर्षी सुरू करायला हवी, आणि फुलून वाळलेल्या बांबूत वणवा पेटणार नाही याचीही.

बांबू एवढा काळ थांबून एकदम का फुलतो, याचं एक स्पष्टीकरण उंदरांपाशीच येऊन थांबतं. थोडंथोडं बी दरवर्षी पडलं असतं तर खाणाऱ्यांनी ते सगळंच संपवलं असतं. एकदम एवढं पाडायचं की सगळ्यांनी पोट फुटेस्तोवर खाऊनही काही उरेल, आणि मग कित्येक वर्षं काहीच द्यायचं नाही. डॅनियल जॅन्झन या अमेरिकी परिस्थितिकी-तज्ज्ञानं १९७६ साली हा विचार सविस्तर मांडला. मला तो आजही अतिशय सुंदर वाटतो, कारण त्यात उंदीर हे केवळ संकट राहत नाहीत. बांबूचं आयुष्य घडवणारी एक ताकद म्हणून ते दिसतात.

साप आणि घुबडं कमी झाली म्हणून उंदीर वाढले, असं म्हणता येईल का?

काही ठिकाणी तसं होतं, पण सरसकट म्हणू नका. शिकारी वाढ रोखतात त्यापेक्षा ती पुढे ढकलतात, तिची उंची कमी करतात आणि घसरण सुरू झाली की ती खोल नेतात. अन्न बेसुमार असेल तेव्हा उंदरांच्या विण्याचा वेग कुठल्याही घुबडाला गाठता येत नाही.

तरीही त्यांचं काम मोठं आहे. राजस्थानातल्या सरिस्कात एक रानमांजर दिवसाला तीन ते पाच उंदीर खातं असा अंदाज काढला गेला. त्याचा वर्षाचा हिशेब हजाराच्या वर जातो. आपल्याकडे रानमांजरासोबत कोल्हा, खोकड, मुंगूस, घोरपड, धामण, नाग, घोणस, गव्हाणी घुबड, पिंगळा आणि दिवसा शिकार करणारी कापशी घार आहे. हिवाळ्यात भोवत्याही येतात. यातले बहुतेक मिळेल ते खाणारे. उंदीर कमी झाले की कोल्हा बोरांकडे आणि किड्यांकडे वळतो, वाढले की पुन्हा उंदरांकडे. त्यामुळे चढउतार थोडे मऊ होतात. उत्तर युरोपात छोटं वीझल (मुंगसासारखा लांबट अंगाचा शिकारी प्राणी) जवळजवळ फक्त व्होल नावाच्या तिथल्या शेतउंदरांवर जगतं, म्हणून त्याची संख्या उंदरांच्या मागोमाग उशिरानं वाढते आणि उशिरानं घटते, आणि तिथले चढउतार तीव्र होतात.

दर तीन-चार वर्षांनी उंदरांचं वर्ष येतं असं पुस्तकात वाचलं. आपल्याकडे तसं का दिसत नाही?

ते चक्र मुख्यतः उत्तर ध्रुवाकडच्या लेमिंग (आखूड शेपटीचे छोटे कृंतक) आणि तिथल्या शेतउंदरांचं. चार्ल्स एल्टन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं १९२४ साली अशा नियमित चढउतारांवर निबंध लिहिला आणि हा विषय उभा राहिला. तिथं बर्फ, मोजक्या जाती आणि फक्त उंदरांवर जगणारे शिकारी यांचा मेळ असतो. आपल्याकडे मोसमी पाऊस सगळ्यांवर हुकूम चालवतो आणि तो घड्याळ लावून येत नाही. इथं दरवर्षीची चढउतार ठळक असते, आणि मोठा उद्रेक पाऊस-बी जुळलेल्या वर्षी येतो. दोन उद्रेकांत चार वर्षं गेली म्हणून लगेच चक्र सापडलं असं समजू नका. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडलेली असू शकते.

गर्दी झाली की ते आपोआप कमी होतात का?

बऱ्याच अंशी. गर्दी झाली की माद्या उशिरा माजावर येतात, पिल्लं कमी वाचतात, मारामाऱ्या वाढतात, तरुण नर दूर निघतात आणि वाटेत मारले जातात. रोग आणि परजीवीही गर्दीत झपाट्यानं पसरतात.

वणव्यात उंदीर मरतात का?

आगीत थेट मरणारे कमी. जमिनीखाली वीतभर खोलीवरही उष्णता फार पोचत नाही, त्यामुळे बिळातले वाचतात. झुडपात आणि गवतात घरटं करणाऱ्यांचं नुकसान जास्त. खरी आपत्ती आग विझल्यावर सुरू होते. काळ्या पडलेल्या उघड्या जमिनीवर लपायला काडी नसते, खाली पडलेलं बी जळालेलं असतं, आणि कापशी घारी, पिंगळे तिथं जमतात. मोहाखालचा पाचोळा जाळताना आग हाताबाहेर गेली की हे सगळं घडतं. मोहाखाली जाळण्याऐवजी झाडून घेतलं किंवा जाळी अंथरली तर फुलंही स्वच्छ मिळतात. हे मी दर फाल्गुनात सांगतो आणि सांगत राहीन.

जंगलाला लागून असलेल्या वावरातच त्रास जास्त का?

कारण तिथं दोन्हीकडचं मिळतं. लपायला जंगलाची कड, खायला शेत. भंडारा-गोंदियाकडच्या धानपट्ट्यात रुंद धुरे हे घुशीचं आवडतं ठिकाण. ती कापणीच्या दिवसांत लोंब्या ओढून बिळात साठवते. धुरा अरुंद आणि तणरहित ठेवला तर तिला पोखरायला जागाच कमी मिळते. रानतुळस आणि घाणेरीनं भरलेली बांधाची कड उलट काम करते.

माणसानं सोडलेल्या अन्नाचा परिणाम किती दूर जाऊ शकतो याचं महाराष्ट्रातलं उदाहरण बीडचं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. पडक्या, रिकाम्या घरांत धान्य राहिलं आणि उंदरांना रान मोकळं मिळालं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगची साथ आली, आणि तिचा संबंध या वाढलेल्या उंदरांशी जोडला गेला. इथंही कारण आणि परिणाम यांच्यात जवळपास वर्षभराचं अंतर आहे.

उंदीर वाढले की आजारांची भीती किती?

भीती नको, सावधपणा हवा. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसची साथ आली होती. हा आजार उंदीर चावून होत नाही. गवतात असणाऱ्या अतिसूक्ष्म किड्याची चिगर नावाची अळी चावली की होतो. जंतू किड्यातच पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. उंदरांच्या अंगावर त्या अळ्या पोसल्या जातात, म्हणून उंदीर आणि दाट झुडूप जिथं एकत्र, तिथं चिगर जास्त. पावसाळ्यानंतर गवतात काम केल्यावर ताप आला, आणि काखेत, जांघेत किंवा कमरेशी सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा डाग दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि ‘गवतात काम केलं होतं’ हे आवर्जून सांगा. वेळेत निदान झालं तर डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या औषधानं हा आजार बरा होतो. उशीर झाला तर जीव जातो. धानाच्या चिखलात काम करणाऱ्यांनी लेप्टोस्पायरोसिसचंही (उंदरांच्या लघवीनं दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) नाव लक्षात ठेवावं.

विष टाकू का?

जंगलाच्या कडेला टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती. झिंक फॉस्फाईड खाऊन न मेलेला उंदीर ते आमिष पुन्हा शिवत नाही. ब्रोमॅडिओलोनसारखी रक्त पातळ करणारी विषं उंदराच्या यकृतात राहतात. असा अर्धमेला उंदीर काही दिवस सुस्त फिरतो आणि सगळ्यात आधी घुबडाच्या किंवा रानमांजराच्या तोंडी लागतो. उंदीर तीन-चार महिन्यांत भरून निघतात. घुबडाची जोडी तशी भरून निघत नाही.

शिवाय पीक लोंबीवर आल्यावर विष शोधणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. काही करायचंच असेल तर मे-जूनमध्ये करा, जेव्हा उंदीर सगळ्यात कमी असतात आणि विणं सुरू व्हायचं असतं, आणि सगळ्या गावानं मिळून करा. बिळं खणणं, सापळे, धुऱ्यांची सफाई, वावरात पक्षीथांबे. एकट्यानं केलं तर शेजारच्या वावरातले आठवड्याभरात येऊन बसतात.

साळिंदर आणि शेकरूलाही हेच नियम लागू का?

नाही. साळिंदर सुमारे आठ महिने गाभण असतं, त्यामुळे त्याची संख्या एका चांगल्या पावसानं उसळत नाही. शेकरू, आपला राज्यप्राणी, उंच आणि एकमेकांना भिडलेल्या झाडांवर अवलंबून असतो. त्याची घट बियांच्या हिशेबापेक्षा तुटलेल्या शेंड्यांशी जोडलेली असते, आणि एकदा गेला की परत यायला फार वर्षं लागतात.

हवामान बदलाचं काय?

स्कँडिनेव्हियात बर्फाचे हिवाळे बदलल्यावर काही भागांतली शेतउंदरांची चक्रं मंदावलेली दिसली. आपल्याकडे लक्ष ठेवायचं ते पावसातल्या लांबलेल्या खंडांवर, एकदम कोसळणाऱ्या सरींवर आणि अवकाळीवर. वाईट वर्षामागून चांगलं वर्ष आलं, की शिकारी अजून सावरलेले नसतात आणि अन्न मात्र भरपूर असतं. अशा वर्षांकडे डोळ्यांत तेल घालून पाहावं.

रानातले उंदीर मोजतात तरी कसे? वाघासारखे कॅमेऱ्यानं?

वाघाचे पट्टे वेगळे, म्हणून फोटोवरून ओळख पटते. उंदराचं तसं नाही. त्याला जिवंत पकडणाऱ्या सापळ्यात पकडून, खूण करून, सोडून देतात. समजा, पहिल्या रात्री २० पकडून खूण केली. काही दिवसांनी २५ पकडले, त्यातले १० खुणेचे निघाले. म्हणजे खुणेचे उंदीर एकूण संख्येच्या साधारण दोन-पंचमांश, आणि एकूण उंदीर २० गुणिले २५ भागिले १०, म्हणजे सुमारे ५०. घुबडांनी ओकून टाकलेल्या गोळ्यांतली हाडं आणि कवट्या पाहूनही कुठल्या जाती आहेत ते कळतं. ताडोबातल्या जामणीसारखी गावं उठून शेतांच्या जागी गवताची कुरणं आली, तिथं असं सलग मोजमाप व्हावं अशी माझी फार इच्छा आहे. शेतातल्या उंदरांची जागा माळावरचे उंदीर कसे घेतात हे तिथं पाहता येईल.

अॅरिझोनातल्या पोर्टलजवळ १९७७ पासून एकाच जागी उंदीर मोजले जात आहेत. एवढ्या लांब नोंदीमुळेच तिथं कुठली वाढ पावसामुळे आणि कुठली प्रयोगासाठी दुसऱ्या जाती हटवल्यामुळे, हे वेगळं करता आलं.

आमच्या गावाला किंवा शाळेला नोंद ठेवायची असेल तर?

जंगलाच्या आत जाऊन सापळे लावायला वन विभागाची परवानगी लागते. स्वतःच्या वावरात मात्र जिवंत बिळांची मोजणी आजपासून करता येते. ठरावीक धुरा निवडा. संध्याकाळी त्यावरची सगळी बिळं मातीनं बुजवा आणि किती बुजवली ते लिहा. सकाळी जेवढी पुन्हा उघडलेली दिसतील तेवढी वापरातली. महिन्यातून एकदा, त्याच धुऱ्यावर, त्याच पद्धतीनं. बिळात हात घालू नका, नाग आणि घोणस तिथंच असतात. मेलेला उंदीर उघड्या हातानं उचलू नका. शेजारच्या रकान्यात पाऊस कधी पडला, खंड किती दिवसांचा, मोह-चारोळी कशी आली, बांबूचं बेट फुललं का, वणवा लागला का, आणि रात्री पिंगळ्याचा आवाज आला का, एवढं लिहा. निदान तीन पावसाळे वही थांबवू नका, कारण पहिल्या वर्षीच्या रकान्याचा अर्थ दुसऱ्या वर्षीच्या बिळांवरून लागतो.